संशयाचा शेरा आणि संभाव्यतेचे गणित

कारखान्यांच्या जागी उंच गृहसंकुले उभी राहिलेल्या कोलशेतसारख्या उपनगरात मॅमोग्राफी आता दुर्मिळ राहिलेली नाही. दुर्मिळ आहे तो तिच्या अहवालाचा उलगडा. ‘संशयास्पद’ हा शेरा वाचताच एखाद्या घरावर अवकळा पसरते, तर दुसऱ्या घरात तो लिफाफा मुकाट्याने कपाटात जातो. दोन्हीकडे अहवालालाच निदान मानले जाते.

वस्तुतः क्ष-किरणतज्ज्ञ तेथे केवळ संभाव्यता वर्तवीत असतो. ‘बायरॅड्स’ या प्रचलित श्रेणीपद्धतीत ‘०’ म्हणजे तपासणी अपुरी, एवढेच. ‘३’मध्ये कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांहून अधिक नसते, साधारणतः सहा महिन्यांनी पुन्हा पाहिले जाते. ‘५’मध्ये ती किमान ९५ टक्के. खरी पंचाईत ‘४’ची, कारण तिचा पल्ला २ पासून ९५ टक्क्यांपर्यंत पसरलेला! इतकी विषम जोखीम एकाच शब्दाखाली कोणताही विमा व्यावसायिक खपवून घेणार नाही. म्हणूनच ४अ (१० टक्क्यांपर्यंत), ४ब (५० पर्यंत) व ४क (त्याहून अधिक) हे पोटभेद विचारून घेणे अगत्याचे. निर्णय मात्र बायॉप्सीनेच होतो. उलटपक्षी, हाताला गाठ लागत असेल तर स्वच्छ अहवालावरही विसंबता येत नाही.

यंत्राशिवाय काही साधत नाही, असेही नव्हे. टाटा स्मारक केंद्राने १९९८ पासून मुंबईतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्यांची प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी हातांनी तपासणी केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पन्नाशी ओलांडलेल्यांत स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. त्याखालील वयात मात्र लक्षणीय फरक आढळला नाही. आरोग्य शिबिरे भरविणाऱ्यांनी हे दुसरे वाक्यही वाचावे.

केंद्र शासनाच्या २०१६ च्या आराखड्यात तिशीपुढील स्त्रियांसाठी अशीच हस्तपरीक्षा आहे. परंतु चाचणी हा खर्चाचा पहिलाच हप्ता. बायॉप्सीसाठी परळपर्यंतच्या खेपा आणि बुडणारी रोजंदारी यांचा हिशेब कोणत्याही सवलतीच्या तपासणी-योजनेत धरलेला नसतो. आणि विलंब होतो तो नेमका तेथेच. निदान अहवालाच्या पहिल्या पानावर शक्यतेची टक्केवारी, पुढील तपासणी कोणती व ती किती दिवसांत करावी, हे मराठीत छापण्याची सक्ती तरी शासनाने करावी.