हमिंगबर्ड? आणि लालबागमध्ये?

लालबाग-परळच्या टॉवरमध्ये काय किंवा गिरगावातल्या चाळीत काय, गॅलरीत जास्वंदीची कुंडी असली की कधी ना कधी तिथून एक फोटो येतोच. खाली ओळ ठरलेली: ‘आमच्याकडे आलेला हमिंगबर्ड!!’ मग सगळा ग्रुप ‘वॉव, सुपर्ब’ म्हणून मोकळा.

मंडळी, हमिंगबर्ड फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत असतात. तुमच्या कुंडीवर येतो तो शिंजीर, म्हणजेच सूर्यपक्षी. मुंबईत बहुधा जांभळा शिंजीर, नाहीतर जांभळ्या पाठीचा शिंजीर. चोच बाकदार, आवडही मधाचीच, पण दोघांची घराणी पूर्ण वेगळी.

आता तुम्ही म्हणाल, नावात काय आहे राव? कोड लिहिणाऱ्याला विचारा. व्हेरिएबलला चुकीचं नाव दिलं की पुढचा माणूस त्यावर विश्वास ठेवून भलतंच लिहीत सुटतो. इथेही तेच होतं.

‘हमिंगबर्ड’ म्हटलं की आधी नेटवरून लाल प्लास्टिकचा फीडर येतो. त्यात साखरपाणी. मुंबईच्या उकाड्यात ते लवकर आंबतं, बुरशी धरतं. रोज घासायला वेळ कोणाला आहे? शिवाय शिंजीर पिल्लांना भरवतो ते किडे आणि कोळी. आपण एका हाताने साखरपाणी टांगतो आणि दुसऱ्या हाताने जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणावर औषध फवारतो. धन्य!

दुसरं खूळ म्हणजे हवेत तरंगतानाचा फोटो. हमिंगबर्ड तरंगतच मध पितो. शिंजीर क्षणभर तरंगतो, पण बहुतेक वेळा आरामात फांदीवर बसून पितो. ‘तसला’ शॉट हवा म्हणून त्याला सारखं उडवायचं, ही कसली फोटोग्राफी? फुलाजवळची काटकी छाटू नका, पडद्याआड गप्प उभे राहा. तो स्वतःच बसून पोज देईल.

सगळ्यात वाईट प्रकार घरट्याचा. कोळ्याच्या जाळ्यांनी विणलेली ती लोंबती पिशवी नीट दिसावी म्हणून आजूबाजूची पानं तोडणारे महाभाग आहेत. तोच आडोसा गेला की कावळ्याला आयतं आमंत्रण. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या घरट्याला त्रास देणं हे ‘शिकार’ या व्याख्येतच येतं, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

सालिम अली याच गिरगावातल्या खेतवाडीत वाढले. त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं प्रसिद्ध पुस्तक १९४१ साली आलं. त्यांच्या गावात दारातल्या पक्ष्याला परदेशी नावाने हाक मारायची, म्हणजे कमाल आहे!

असो. फीडरच्या पैशात एक साधी, एकेरी पाकळ्यांची जास्वंद आणि एक एक्झोरा आणा. औषध मारू नका. आणि पुढच्या फोटोखाली ‘शिंजीर’ लिहा. लाइक कमी पडले तर एक माझा धरा :)