बॅटरीचा कारभारी

हिंगोली जिल्ह्यातल्या एका भगिनीचं पत्र समोर आहे. शेतातल्या घरावर त्यांनी १०० वॉटचं सौर पॅनेल आणि ४० अँपिअर-अवरची बॅटरी बसवली. मुलगी दहावीला, वीज गेली तरी तिचा अभ्यास अडू नये, एवढाच हेतू. पण वर्षाच्या आत बॅटरीनं मान टाकली. 'मधली डबी उगाच दिवे बंद करते' म्हणून घरच्यांनी दिव्यांची वायर थेट बॅटरीला जोडली होती. 'आता नवी बॅटरी घ्यावी, की नादच सोडावा?' असं त्या विचारतात.

ताई, नाद सोडू नका. आधी त्या डबीची ओळख करून घ्या.

तिचं नाव चार्ज कंट्रोलर. घरचा जमाखर्च पाहणारा कारभारीच म्हणा ना! १२ व्होल्टचं म्हणून मिळणारं पॅनेल कडक उन्हात १७-१८ व्होल्ट देतं. बॅटरीला १४.४ च्या आसपास पुरे. तेवढं झालं की कंट्रोलर हात आखडता घेतो आणि पुढे १३.६ ते १३.८ वर नुसती धग ठेवतो. दूध वर आलं की आपण गॅस बारीक करतो, तसंच. नाहीतर बॅटरीतलं पाणी वायू होऊन उडतं आणि प्लेटा उघड्या पडतात. रात्री वीज उलटी पॅनेलकडे जाऊ न देणं, हेही त्याचंच काम.

दुसरी बाजू खर्चाची. व्होल्टेज ११ च्या जरा वर असतानाच तो दिवे बंद करतो. कारण साधी लेड-ॲसिड बॅटरी पार रिकामी राहिली, की प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. तुमच्या बॅटरीचं बहुधा हेच झालं. नवी घेण्याआधी जुनी पूर्ण चार्ज करून हायड्रोमीटरनं तपासून घ्या.

आता हिशेब. ४० गुणिले १२ म्हणजे ४८० वॉट-अवर. त्यातली निम्मीच, म्हणजे २४० वापरावी. ९ वॉटचे दोन डीसी दिवे आणि २५ वॉटचा डीसी पंखा मिळून ४३ वॉट. म्हणजे साडेपाच तास झाले. पंखा जपून वापरला, तर अभ्यासाच्या दिव्याला ददात नाही.

खरेदी करताना लक्षात ठेवा: तुमच्या पॅनेलला १० अँपिअरचा साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर पुरतो. महागडा एमपीपीटी मोठ्या पॅनेलना फायद्याचा. तापमानाप्रमाणे व्होल्टेज कमी-जास्त करणारा मिळाला तर तोच घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि २५ अंशांवरच्या दर अंशाला बॅटरीला साधारण ०.०३ व्होल्ट कमी लागतं. बॅटरी पत्र्याखाली तापत ठेवू नका. सावलीत, वारं खेळेल अशा जागी ठेवा. जवळ उदबत्ती-निरांजन नको. तिच्यातून निघणारा हायड्रोजन पेट घेतो. पाणी घालायचं ते डिस्टिल्डच, तेही पूर्ण चार्ज झाल्यावर.

जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल, शेवटी दिवे. काढताना बरोब्बर उलट.

शेजारच्या सौरपंपाला अशी डबी दिसली नाही म्हणून फसू नका. तिथे सहसा बॅटरीच नसते, ऊन असेल तेव्हा पंप चालतो.

आणि एक करा. रोज पहाटे, ऊन येण्याआधी, दिवे-पंखा बंद असताना मुलीलाच व्होल्टेज वहीत लिहू द्या. १२.७ म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. दिवाही टिकेल आणि तिचं विज्ञानही पक्कं होईल!