येळवस आणि बर्फाची वाट

आज सोमवार, 30 डिसेंबर 2024. मार्गशीर्षाची अमावस्या यंदा सोमवती होऊन आली आहे. पण धाराशिव आणि लातूरकडच्या माणसाला तिचे सोमवतीपण दुय्यम. त्याच्या लेखी ही येळवस. जिल्ह्याला स्थानिक सुट्टी आहे, बाजारपेठेची शटरे खाली आहेत आणि कळंबपासून उमरग्यापर्यंत जो तो रानाच्या वाटेला लागला आहे. ज्याला स्वतःचे रान नाही त्यालाही कुणाच्या ना कुणाच्या रानातले आवतण आहेच, कारण येळवशीला कुणी गावात एकटे जेवत बसावे ही आपल्याकडची रीत नव्हे. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली मुले रात्रीच्या गाड्यांनी येऊन पोचली आहेत. सगळे जमले आहे. यायची राहिली आहे ती थंडी.

या सणाचा सारा घाट मुळात गारठा गृहीत धरून घातलेला आहे. सजगुऱ्याचे उंडे, तिळाची आणि शेंगदाण्याची पोळी, गव्हाची खीर. तुरीचे ओले दाणे, वाटाणा, सोलाणे, पावटा असे रानात जे जे कोवळे आहे ते एकत्र शिजवून केलेली भज्जी. आणि आधीपासून मातीच्या भांड्यात मुरत ठेवलेले, ताकात ज्वारीचे पीठ कालवून लसूण-जिरे लावलेले आंबील. घरोघरच्या बायका काल रात्री निजल्याच नाहीत म्हटले तरी चालेल. रानात कडब्याच्या पाच पेंड्यांची कोप उभी राहते, तिच्या अंगावर शाल पांघरली जाते, आत चुना आणि कावेने रंगवलेले पाच पांडव बसतात. पूजा झाली की घरचा कर्ता बिंदग्यातले आंबील पिकावर शिंपडत रानाला फेरी घालतो आणि दिवस कलल्यावर पेटता हेंडगा घेऊन पोरे बांधाबांधाने धावतात. अंगात ऊब भरणारे अन्न, देवालाही पांघरूण, शेवटी जाळ. आपल्या पूर्वजांनी हा दिवस नेमला तेव्हा पहाटे दात वाजत असणार, याविषयी शंका घ्यायला जागाच नाही.

यंदाचा हिवाळा मात्र उधारी थकवलेल्या माणसासारखा वागतो आहे. वायदा करतो, थोडे हातावर टेकवतो आणि पुन्हा तोंड लपवतो. मुळात ऑक्टोबर असा तापला की 1901 पासूनच्या नोंदींत देशाने तेवढा उष्ण ऑक्टोबर पाहिला नव्हता. नोव्हेंबर सरता सरता गारवा जाणवू लागला तोच बंगालच्या उपसागरातून ‘फेंगल’ चक्रीवादळ आले, 30 नोव्हेंबरला पुदुच्चेरीजवळ जमिनीवर चढले, आणि त्याच्या ढगांनी इकडे बालाघाटावरची थंडीही गुंडाळून नेली. डिसेंबरच्या मध्याला परभणीने साऱ्या राज्याला हुडहुडी भरवली. आपल्याकडेही शेकोट्या पेटल्या, स्वेटर बाहेर निघाले. मग पुन्हा आभाळ आले, पहाटेचा पारा वर चढला आणि नाताळाच्या सुमारास तर राज्यात अवकाळी पावसाची भाषा सुरू झाली.

या साऱ्या काळात थंडीची वाट पाहणाऱ्यांचा एक पंथच आपल्याकडे तयार झाला आहे. त्यात शिक्षक आहेत, कृषी सेवा केंद्रवाले आहेत, गच्चीवर तापमापी टांगलेली कॉलेजची मुले आहेत. सकाळी उठून आकडा पाहायचा, मोबाइलवर निफाडचा आणि परभणीचा आकडा शोधायचा, महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवाचे हिमकण झाल्याचा फोटो आला की तो दहा ठिकाणी पुढे धाडायचा, आणि हवामानाचे अंदाज सांगणारे पंजाबराव डख काय म्हणाले ते एकमेकांना विचारायचे, हा त्यांचा नित्यनेम. यंदा पावसाळ्यापासून त्यांच्या तोंडी प्रशांत महासागराचे पाणी थंडावणारी ‘ला निना’ होती. ती येणार, आणि येताना कडाक्याचा हिवाळा घेऊन येणार, अशी सगळीकडे हाकाटी झाली. वर्ष संपत आले तरी प्रशांत महासागराने त्या अंदाजाला पुरते उत्तर दिलेले नाही. हौशी मंडळींना हसणारे हसोत. ज्याचे पोट हवामानावर आहे अशा मुलखात आभाळाकडे डोळे लावून बसण्याला रिकामटेकडेपणा म्हणणे आपल्याला तरी पटत नाही.

शिवाय त्यांची नजर ज्या उत्तरेकडे लागलेली असते ती दिशा चुकीची नाही. आपली थंडी आपल्या मातीत तयार होत नाही. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी झंझावात हिवाळ्यात हिमालयावर आदळतात, तिथे बर्फ पडते, आणि झंझावात पुढे सरकून आभाळ निवळले की त्या बर्फावरून सुटलेला कोरडा, गार वारा पंजाब, राजस्थान, माळवा करीत सातपुडा ओलांडून आपल्यापर्यंत पोचतो. वाटेत बंगालच्या उपसागराकडून दमट पूर्ववारा शिरला तर त्या थंडीची धार तिथेच बोथट होते. म्हणजे तुळजापूरच्या किंवा भूमच्या शेतकऱ्याने जन्मात बर्फ पाहिले नसले तरी त्याच्या हरभऱ्याचा एक धागा काश्मिरात गुंतलेला असतो. तिकडे परवा-तेरवा चांगले बर्फ पडल्याच्या बातम्या आहेत. त्याआधी 21 डिसेंबरच्या पहाटे श्रीनगरचा पारा उणे 8.5 अंशांवर गेला. डिसेंबरात इतकी थंड रात्र तिथे पन्नास वर्षांत झाली नव्हती. गेल्या जानेवारीत मात्र हेच काश्मीर कोरडे होते, गुलमर्गचे उतार उघडे पडले होते, आणि त्याच दिवसांत, 11 जानेवारीला, आपण दुष्काळातली येळवस साजरी करत होतो. वाशी, धाराशिव आणि लोहारा हे तालुके तेव्हा सरकारने दुष्काळी जाहीर केलेले होते. यंदा पावसाने ओल दिली. त्या ओलीला राखणारी थंडी तेवढी हवी आहे.

कोरडवाहू रब्बीचे गणित तसे साधे. हस्ताच्या पावसावर काळ्या रानात ज्वारी पडते आणि पुढे थेंबभर पाणी न मागता साठलेल्या ओलीवर उभी राहते. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडीने काढलेली आपली मालदांडी तर याच परीक्षेसाठी जन्मलेली. रात्री गार असल्या की ओल कमी उडते, पहाटे दव पडते, गव्हाला फुटवे धरतात, हरभऱ्याची फुले टिकतात आणि घाटे भरतात. तेच आभाळ चार दिवस भरून राहिले की हरभऱ्यावर घाटेअळी येते, ज्वारीची पाने माव्याने चिकट होतात, तूर आणि आंब्याचा मोहोरही धोक्यात येतो. म्हणून आज पूजेआधी कर्त्याने हरभऱ्यात वाकून चार घाटे उलटेपालटे करून पाहिले असतील, तर त्यात देवाचा अनादर काही नाही.

जुन्या घरांतून हरभऱ्याची आंब धरण्याची चाल होती. रात्री पिकावर धुतलेले पांढरे फडके हलकेच पसरायचे, पहाटे दवाने आणि पानांवरच्या खाराने ते चिंब झाले की भांड्यात पिळून घ्यायचे, पुन्हा पसरायचे. ती आंबट आंब बाटलीत भरून ठेवली की वर्षभर पोटदुखीवर चमचाभर कामाला येई. थंडी नसेल तर दव नाही, दव नसेल तर फडके कोरडे. ज्या घरांत अजून कुणी म्हातारी माणसे हे करतात त्यांना यंदाचा हिवाळा कसा आहे हे कुठल्याही हवामान केंद्राला विचारावे लागणार नाही.

पण बर्फाचे मागणे मागताना माप सांभाळावे लागते. येत्या 15 जानेवारीला भारतीय हवामान विभागाला दीडशे वर्षे पूर्ण होतील. त्या खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी 1884 मध्ये एक निरीक्षण मांडले: हिमालयात हिवाळ्यात आणि वसंतात बर्फ फार आणि उशिरापर्यंत पडले की पुढचा पाऊस ओढ धरतो. 1876-77 च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाली होती, त्याची आठवण ताजी असतानाचे हे काम. 1886 साली देशाचा पहिला रीतसर मोसमी अंदाज निघाला तो याच बर्फाच्या पायावर. या खात्याचे मुख्यालय 1928 मध्ये शिमल्याहून पुण्याला आले, आणि त्या इमारतीला पुणेकर अजूनही ‘शिमला ऑफिस’ म्हणतात. बर्फाच्या गावाचे नाव असे आपल्या राज्यात रुळून गेले आहे. पुढच्या शास्त्राने ब्लॅनफर्डच्या सूत्राला अनेक पुरवण्या जोडल्या, एल निनोपासून युरेशियातल्या बर्फापर्यंत बरेच काही हिशेबात आले, तरी मूळ ताण सुटलेला नाही. रब्बीसाठी मनापासून बर्फ मागणारा माणूस नकळत खरिपाचा पाऊस गहाण टाकत असू शकतो. सोयाबीनचे पैसे ज्याच्या हाती दिवाळीला येतात त्याने हे ध्यानात ठेवावे.

आणि पांढरे रान आपण पाहिलेले नाही असेही नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर गारांनी थैमान घातले, त्यात आपला जिल्हाही सापडला. शिवारे पांढरी झाली, द्राक्षबागा आडव्या झाल्या, उभी ज्वारी आणि काढणीचा गहू मातीत गेला. ‘काश्मीर झाले’ असे म्हणत फोटो काढणारे तेव्हाही होते. बांधावर उभ्या असलेल्या माणसाला ते चित्र अजून पुसता आलेले नाही.

थंडी सगळ्यांना सारखी लाभत नाही, हेही आज आठवायला हवे. द्राक्षवाल्याला पारा फार उतरला तर मणी तडकण्याची धास्ती. पण त्याच्याहून मोठी गोष्ट आपल्या दारातच आहे. सध्या ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात आहे. आपल्या जिल्ह्यातली आणि शेजारच्या बीडची माणसे कारखान्यांच्या परिसरात, फडाच्या कडेला कोपी घालून राहिली आहेत. एक कोप आपण आज हौसेने उभारली, तिला शाल पांघरली आणि संध्याकाळी मोडूनही टाकू. दुसरी कोप चार-पाच महिन्यांचे घर असते, तिच्यात तान्ही मुले असतात, आणि पहाटे तीन-चारला त्यातली बाई पाचट बाजूला सारून कोयता उचलते. आपण ज्या गारठ्याची वाट पाहतो तो त्यांच्या अंगावर पहिल्यांदा येतो. येळवशीचे जेवण वाटून खायचे असते, आणि आजच्या पंगतीत फडावरची माणसे अनेक गावांत बसतातही. उरलेल्या गावांनी ती रीत धरावी, आणि पांडवांवरची शाल संध्याकाळी घडी घालून पेटीत ठेवण्यापेक्षा एखाद्या कोपीत देऊन यावे. पांडवही वनवासीच होते. त्यांची हरकत असायचे कारण नाही.

दुसरे एक काम हौशी मंडळींसाठी. ‘महावेध’ प्रकल्पामुळे आता महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत. पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा असे सगळे तिथे मोजले जाते. पण गावात चर्चा होते ती पावसाच्या आकड्याची, तीही विम्यापुरती. हिवाळ्यातला किमान पारा आपल्याच मंडळात काल किती होता हे विचारले तर उत्तर येत नाही. निफाडचा मात्र तोंडपाठ. परगावच्या थंडीचे फोटो फिरवणाऱ्या मुलांनी आजपासून गावच्या शाळेत एक वही ठेवावी. पहाटेचा पारा, दव पडले का, आभाळ कसे, वारा कुठला, ज्वारी कोणत्या अवस्थेत, अळी दिसली का. दोन ओळी पुरेत. येळवशीपासून येळवशीपर्यंत अशी वही भरली आणि ती दहा-पंधरा वर्षे टिकली, तर पेरणी आठ दिवस मागे घ्यावी की पुढे, कुठले वाण धरावे, करडईचा एखादा पट्टा पुन्हा टाकावा का, याचा वाद पारावर तोंडी न होता आकड्यांवर होईल. ‘पूर्वी थंडी जास्त होती’ हे वाक्य आपण सगळेच म्हणतो. किती जास्त होती, हे लिहून ठेवलेले कुणाकडे नाही.

आणि तिसरे काम रान राखण्याचे. ज्वारीचे क्षेत्र दरवर्षी आक्रसते आहे. सोयाबीन निघाले की हरभरा, पाणी असेल तिथे ऊस. काढणीला माणूस मिळत नाही, भाव परवडत नाही, ही तक्रार खोटी नाही आणि ती करणाऱ्याला उपदेश करण्याचा अधिकार शहरातून लिहिणाऱ्याला मुळीच नाही. तरी कोपीला कडबा लागतो, आंबिलाला पीठ लागते, आणि तो कडबा यंदा अनेकांनी विकत आणला आहे. निदान घरापुरती, गुरांपुरती एक पट्टी ज्वारीची राहिली तर सणाचे सामान तरी रानातूनच येईल.

उन्हे उतरून सावल्या लांबू लागल्या की आज पाहुण्यांत एकच विचारणा सुरू होते: हुरड्याला कधी यायचे? भोगी 13 जानेवारीला आहे, तोवर तुळजापुरात शाकंभरी नवरात्रही आटोपत आलेले असेल. ज्यांनी आगाप पेरले ते संक्रांतीच्या पुढे-मागे बोलावतील. ज्यांची ज्वारी अजून पोटरीत आहे ते जानेवारीअखेरची तारीख देऊन ठेवतील. हिमालयात पडलेल्या बर्फावरून उत्तरेचा वारा नीट सुटला तर कणीस दाण्याने टच्च भरेल, नाहीतर हुरडा चोळताना भुसाच जास्त निघेल, हे पाहुण्यांना आत्ताच सांगितलेले बरे. ज्यांच्या हरभऱ्यात घाटेअळीने नुकसानीचा उंबरठा ओलांडला आहे त्यांनी मात्र कशाचीच वाट पाहू नये. कामगंध सापळे लावून, पक्ष्यांना बसायला पिकात मचाण रोवून, फवारणी उद्या सकाळी वारा पडलेला असतानाच उरकून घ्यावी.