कुठं ठेवायचं?

"ताई, कुठंतरी लांब ठेवून येऊ या त्याला. इथं नको." स्वयंपाकघराचं दार लोटून घेत धाकटी बहीण म्हणाली. बाहेरच्या खोलीत भाचा पंख्याखाली पडला होता. वय वीस. दारूपायी कॉलेज सुटलेलं. गल्लीत मात्र आम्ही वर्षभर 'कावीळ झालीय' असंच सांगत होतो. मी रोज साठ-सत्तर मुलांसमोर उभी राहते, पण घरातलंच पोर मला दिसलं नाही. ही बोच अजून जात नाही.

शोध सुरू झाला. एका खासगी केंद्राचा माणूस फोनवर म्हणाला, "रात्री गाडी पाठवतो, उचलून आणतो. तीन महिने भेट नाही, फोन नाही." मेहुण्यांचं वेगळंच. "दांडेलीच्या रानात ठेवू या. तिथं कुठली दारू?" ओळखीच्या डॉक्टरांनी दोघांनाही गप्प केलं. रोजच्या पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. तिथं रान काय करणार? जवळ डॉक्टर हवा.

मग मी २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा वाचायला घेतला. व्यसनातून आलेले मनाचे आजारही त्यात येतात. अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या केंद्राची नोंदणी हवी. रुग्णाला साखळीनं बांधायला बंदी आहे. कुणाला भेटायचं, कुणाशी फोनवर बोलायचं, हा हक्क त्याचा आहे. अठराच्या आतलं मूल असेल तर घरचं किंवा घरच्यांनी नेमलेलं माणूस पूर्ण वेळ सोबत राहायलाच हवं. त्या केंद्राला पुन्हा फोन करून नोंदणी क्रमांक विचारला. फोन कट झाला!

उरले दोन पर्याय. एक धारवाडची सरकारी 'डिमहान्स', दुसरं पुण्याचं 'मुक्तांगण'. पु. लं.च्या मदतीनं अवचट दांपत्यानं ते १९८६ मध्ये सुरू केलं. सासरचे म्हणाले धारवाड, माहेरचे म्हणाले पुणे. आपल्याकडची जुनीच ओढाताण! आठवडाभर वाद चालला, आणि ज्याला जायचं होतं त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

शेवटी मी त्याच्यापाशी जाऊन बसले. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "मावशी, भांडायला मला दोन्ही भाषा येतात. पण मनातलं मी फक्त अज्जीशी बोलायचो. कन्नडमधून."

अज्जी जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आम्ही कुणीच तो हिशेब घातला नव्हता.

धारवाड ठरलं. तो स्वतःच्या पायांनी बसमध्ये चढला. आतलं बोलणं त्याचं त्याला ठाऊक. आम्ही विचारत नाही. घरी आल्यावर एकदा पाय घसरला. पुन्हा घेऊन गेलो. अजून दर महिन्याला तपासणी असते. सुटला, असं मी म्हणत नाही.

तुमच्या घरीही असं दार लोटलेलं असेल, तर 'टेलि-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक लावा. मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही. जागा शोधाच, पण त्याआधी पोराशेजारी बसून त्यालाही विचारा.

परवा शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय गं, कावीळ बरी झाली का त्याची?" बहीण म्हणाली, "कावीळ नव्हती काकू. दारू होती. औषध चालू आहे."

दार उघडंच होतं.