सतरंज्या आमच्या, दारं त्यांची!

तिकिटासाठी मीही मुलाखत दिली. छाननी समितीनं सगळ्यांचं ऐकलं, चहा पाजला. एबी फॉर्म मात्र मिळाला मुलाखतीला न आलेल्या माणसाला! कारण विचारलं तर म्हणे, "पक्षाची अंतर्गत बाब."

३ जून २०१३ ला केंद्रीय माहिती आयोगानं सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकाराच्या कक्षेत आणलं. त्यांनी आदेश पाळला नाही, हे आयोगानंच २०१५ मध्ये नोंदवलं. डावे-उजवे, इथं सगळे एक!

समितीतली प्रत्येक चर्चा चव्हाट्यावर आणा, असं माझं म्हणणं नाही. पण कोण, का आणि किती मतांनी निवडलं, एवढं इतिवृत्त तरी कार्यकर्त्याला दाखवा. नगरपालिकेकडे हिशेब मागणारे आपण, स्वतःच्या पक्षात गप्प का?