साठीतच हवी सत्तरीची तजवीज

केंद्र सरकारने २९ ऑक्टोबर २०२४ रोजी आयुष्मान योजना ७० वर्षे व त्यावरील सर्व ज्येष्ठांसाठी खुली केली. उत्पन्नाची अट नाही. कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण. निर्णय स्वागतार्ह आहेच. परंतु शिरूर आणि दौंड तालुक्यांतील घरांची खरी अडचण सत्तरीआधीच्या दहा-बारा वर्षांत आहे.

रांजणगाव वा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतला कामगार साठीच्या आसपास निवृत्त होतो. कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी वेतनातून कापली जात होती, तोवर उपचारांची विवंचना नव्हती. निवृत्तीबरोबर ते छत्र गेले, असे तो गृहीत धरतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. किमान ५ वर्षे विमाधारक राहून नियत वयोमानानुसार निवृत्त झालेल्यास वर्षाला अवघे १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी ही वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. मोबाइलच्या एका रिचार्जइतकीही ही रक्कम नाही! मात्र त्यासाठी अर्ज करावा लागतो. निरोपसमारंभात शाल-श्रीफळ देणाऱ्या व्यवस्थापनाने आणि कामगार संघटनेने हा अर्जही त्याच दिवशी हाती द्यायला काय हरकत आहे? शिवाय राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०२३ च्या शासन निर्णयाने ती शिधापत्रिकेचा रंग न पाहता सर्वांना लागू झाली.

माजी सैनिकांच्या घरांत प्रश्न निराळा. त्यांच्या अंशदायी आरोग्य योजनेचा लाभ घेणाऱ्यांना सत्तरीनंतर ती किंवा आयुष्मान, यांपैकी एकच निवडायची आहे. शेजाऱ्याने कार्ड काढले म्हणून आपणही काढू नये. आयुष्मानमध्ये नुसती बाह्यरुग्ण तपासणी बसत नाही. रुग्णालयही योजनेशी संलग्न असावे लागते. खासगी विमा वा कर्मचारी राज्य विमा असणाऱ्यांना मात्र असा पर्याय निवडावा लागत नाही.

वय ठरते ते आधारवरील नोंदीवरून. गुरुजींनी शाळेत नाव घालताना लावलेली १ जून ही जन्मतारीख आपल्याकडे किती ज्येष्ठांची आहे! दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरी, असेही आढळते. जन्मतारखेची दुरुस्ती सामान्यतः एकदाच करून मिळते. म्हणून खरा पुरावा जोडून ती आधीच करून घ्यावी. रुग्ण दारात असताना कागद शोधण्याची वेळ येऊ नये.

हे काम कार्यकर्त्यांनी अंगावर घ्यावे. गावोगावी पासष्टीपुढील मंडळींना एका संध्याकाळी देवळात एकत्र बसवावे, प्रत्येकाचे आधार आणि त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक तपासावा, शंका १४५५५ या निःशुल्क क्रमांकावर तिथल्या तिथे विचारून घ्याव्यात.