परसांतील रिकामा वाफा

वांगीं उपटून झालीं आहेत आणि मिरचीचीं रोपें लावण्यास अजून दोन महिने अवकाश आहे, अशा वेळीं, चैत्राच्या सुमारास, परसांतील एखादा वाफा हमखास रिकामा पडतो. ‘जमिनीला थोडी विश्रांति मिळूं द्या,’ असें वडील मंडळींचें म्हणणें. सूनबाईंची नजर मात्र त्यावर कधींचीच गेलेली असते. या वादांत आम्ही सूनबाईंच्या बाजूस आहोंत, आणि बारामती-इंदापुराकडे तर हा पक्ष ठामपणें मांडणें आम्हांस अवश्य वाटतें.

या तालुक्यांत पाऊस बेताचा. १८८५ च्या सुमारास नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी आलें आणि त्याच्या पाठोपाठ उसाचे मळे वाढले. परंतु निचरा नाहीं तेथें मुरलेलें पाणी पुनः वर चढूं लागलें. ऊन पाणी तेवढें शोषून नेतें, क्षार माथ्यावर राहतो. डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं एका सहकाऱ्यासह १९१० सालींच नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींविषयीं पुस्तिका लिहिली. म्हणजे हें दुखणें कांहीं आजचें नव्हे. अशा ठिकाणीं उघडा वाफा विश्रांति घेत नसतो. भर उन्हांत तो क्षार वर ओढीत असतो. पानांची सावली पडली, म्हणजे ही ओढ पुष्कळ मंदावते.

तेव्हां पेरावें काय? मेथी-कोथिंबिरीस थंडी मानवते. वैशाखांत त्यांचा हट्ट धरूं नये. माठ मात्र उन्हास जुमानीत नाहीं, आणि पंधरा पानें मांडल्या जाणाऱ्या घरांत महिन्याभरांत निघणारी पालेभाजी कोणास नको आहे? पण माती थकलेली असेल, तर जिभेचे लाड सोडून ताग पेरावा. जमीन खारवट वा पाणी धरणारी असल्यास धैंचा. सहा आठवड्यांनीं, फुलावर येतांच, कोवळेपणींच तो कापून मातींत गाडावा व ओल ठेवावी. पुढें कुजण्यास दोन आठवडे लागतात. पिवळ्या फुलांच्या मोहानें ताग तसाच राखला, तर त्याचा वाख होतो. तो दोर वळण्यास चांगला, वाफ्यास नव्हे.

मुदतीचें भान कसें असावें, हें इंदापूर तालुक्यांतील गाळपेर करणारांपासून शिकावें. १९८० सालीं पुऱ्या झालेल्या उजनी धरणाचें पाणी उन्हाळ्यांत ओसरतें, तेव्हां उघड्या पडलेल्या गाळांत ते थोड्या दिवसांचें पीक घेतात. पाणी परतण्यापूर्वी तें निघालेंच पाहिजे. धरण कोणासाठीं थांबत नाहीं.

वाफ्यावर पांढरा पापुद्रा आधींच धरला असेल, तर मात्र धैंचा एकटा पुरा पडणार नाहीं. पापुद्रा खरवडून परसाबाहेर टाकावा, उताराच्या बाजूस चर खणून निचऱ्यास वाट द्यावी, आणि साबणाचें मोरीचें पाणी त्या वाफ्यांत सोडण्याची रीत असेल, तर ती त्याच दिवशीं बंद करावी.